मुकुटाजवळची रिकामी जागा

भाईंदर पश्चिमेला स्थानकाबाहेर उत्तनची बस धरली, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकेक करून मागे पडतात आणि डोंगरी ओलांडल्यावर वाऱ्याला सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या दांड्या, ओढून ठेवलेल्या होड्या आणि समोर अरबी समुद्र. २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार माणसे मोजली गेलेल्या मीरा-भाईंदर शहराला इमारतींचे दिवे नसलेली ही एक बाजू अजून उरली आहे. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी सातच्या सुमारास इथे उभे राहून वायव्येला पाहावे. वर झगमगणारा पांढराशुभ्र तारा दिसतो तो अभिजित. तिथून नजर क्षितिजाकडे उतरवत आणली, की वाटेत वाटीच्या कडेसारखा सात ताऱ्यांचा अर्धगोल लागतो. हा उत्तर मुकुट. तो रात्री नवाच्या सुमारास समुद्रात उतरतो.

या अर्धगोलाच्या एका टोकाजवळ, एप्सिलॉन नावाच्या ताऱ्याला लागून, एक रिकामी जागा आहे. हात ताठ करून करंगळी आडवी धरली तर जेवढे आकाश झाकले जाते, तेवढ्याच अंतरावर. तिथे उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही. द्विनेत्रीतूनही दिसत नाही. चांगली दुर्बीण असेल तर दहाव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) एक मिणमिणता ठिपका सापडतो. त्याचे नाव टी कोरोना बोरिआलिस. जगभरच्या हौशी आकाशनिरीक्षकांनी गेली दोन-तीन वर्षे या रिकाम्या जागेवर डोळे लावले आहेत, कारण हा ठिपका एखाद्या रात्री काही तासांत ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी होणार आहे. दुसऱ्या प्रतीपर्यंत, म्हणजे आजच्या तेजाच्या सुमारे दीड हजार पट.

असे त्याने आधी केले आहे. १२ मे १८६६ च्या रात्री आयर्लंडमधल्या ट्यूम गावाजवळ जॉन बर्मिंगहॅम नावाचा जमीनदार मित्राकडून घरी चालला होता. मध्यरात्र व्हायला आली होती. आकाशाशी त्याची जुनी ओळख होती, म्हणून मुकुटात एक तारा जास्त आहे हे त्याला चालता चालता कळले. चारच दिवसांनी लंडनमध्ये विल्यम हगिन्सने त्या ताऱ्याचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला आणि त्यात तप्त हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा ओळखल्या. एखाद्या नवताऱ्याचा वर्णपट माणसाने पाहिला, तो हा पहिला. हगिन्स हाही मुळात रेशमी कापडाच्या धंद्यातला माणूस, हौसेने आकाशाकडे वळलेला. दुसरा स्फोट झाला फेब्रुवारी १९४६ मध्ये. तो पाहणाऱ्यांत सोव्हिएत रेल्वेमार्गावर काम करणारा कामेनचुक होता आणि वेल्समधल्या न्यूपोर्टचा मायकेल वुडमन हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही होता. त्याने झोपण्याच्या खोलीच्या खिडकीतून तो तारा पाहिला आणि थेट ब्रिटनच्या राजखगोलशास्त्रज्ञांना पत्र लिहून कळवला. आता नव्वदी ओलांडलेले वुडमन तोच तारा दुसऱ्यांदा दिसण्याची वाट पाहत आहेत.

१८६६ आणि १९४६, मधे ८० वर्षे. हिशेब पुढे नेला तर आपण नेमके त्या सालांत उभे आहोत. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली शेफर यांनी जुन्या नोंदी चाळून दाखवले, की १९४६ च्या स्फोटाआधी काही वर्षे हा तारा थोडा उजळला होता आणि वर्षभर आधी थोडा मंदावला होता. २०१५ पासून तो तसाच उजळला आणि २०२३ च्या मार्चपासून मंदावू लागला. त्यावरून त्यांनी २०२४ चा अंदाज बांधला. ते वर्ष सरले. आणखी एका संशोधकाने २७ मार्च २०२५ ही तारीख काढली होती, तीही गेली. २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तरी मुकुटाजवळची जागा रिकामीच होती.

नवतारा हा शब्द फसवा आहे. त्यात नवे काही जन्मत नाही. उलट एक ताराच मरून पडलेला असतो. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपल्यावर त्याचा पृथ्वीएवढा, पण वजनाने सूर्याच्या तोडीचा, घट्ट गोळा उरतो. मराठीत त्याला श्वेतबटू म्हणतात. हा बटू एकटा असेल तर निमूटपणे थंड होत जातो. जोडीला दुसरा तारा असेल तर मात्र तो त्याच्या अंगावरचा हायड्रोजन ओढून घेत राहतो. टी कोरोनाच्या बाबतीत जोडीदार तांबडा राक्षसी तारा आहे आणि दोघे साधारण २२८ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी घालतात. बटूवर हायड्रोजनचा थर साठतो, दबतो, तापतो. तळाचे तापमान कोटी अंशांच्या पलीकडे गेले, की अणुभट्टी पेटते आणि सगळा थर एकदम उसळून बाहेर फेकला जातो. चुलीवरचे दूध उतू जाते, पातेले तसेच राहते, तसा प्रकार. थर उडतो, बटू शाबूत राहतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा साठवण सुरू होते. बटू जितका जड, तितका त्याला पेटायला थर कमी लागतो आणि तितकी त्याची पाळी लवकर येते. टी कोरोनातला बटू चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या, अगदी काठावर आहे. म्हणून एरवी हजारो वर्षे घेणारे काम तो ८० वर्षांत उरकतो. आपल्यापासून तो सुमारे ३००० प्रकाशवर्षे दूर आहे. ज्या स्फोटाची आपण वाट पाहतो आहोत तो केव्हाच होऊन गेला आहे. प्रकाश अजून वाटेत आहे.

आकाशगंगेत दरवर्षी असे तीस ते पन्नास नवतारे फुटत असावेत असा अंदाज आहे. सापडतात त्यांतले दहाच्या आसपास. बाकीचे धुळीच्या पडद्याआड जातात, सूर्याच्या मागे लपतात, किंवा त्या रात्री त्या दिशेला कोणी पाहत नसते.

त्या रात्री पाहत असलेल्या माणसांत भारतातली माणसे होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ताऱ्यांच्या प्रती मोजण्याची आजची पट्टी, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट, ही ज्याने १८५६ मध्ये ठरवून दिली तो नॉर्मन पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचा प्रमुख होऊन आला आणि मरेपर्यंत, १८९१ पर्यंत, इथेच राहिला. २० मे १८६३ रोजी मद्रासच्या आकाशात वृश्चिक राशीत त्याला नवव्या प्रतीचा एक अनोळखी तारा दिसला. थोड्याच दिवसांत तो दिसेनासा झाला. हा यू स्कॉर्पिआय. आज तो आपल्या आकाशगंगेतल्या आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या, नवताऱ्यांत सर्वांत घाईचा म्हणून ओळखला जातो. दर आठ-बारा वर्षांनी फुटतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच तीन प्रतींनी मंद होतो. १९९९, २०१० आणि २०२२ मध्ये तो फुटलेला दिसला, आणि यांतल्या २०१० च्या स्फोटाची खबर फ्लोरिडातल्या दोन हौशी निरीक्षकांनी दिली. पॉगसनच्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युलाय या ताऱ्याचे तेज बदलते असल्याचे शोधून काढले.

दुसरा माणूस बंगालमधल्या जेसोरचा. राधागोविंद चंद्र हे प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झालेले गृहस्थ, सरकारी खजिन्यात नाणी पारखायला बसत. पगारातून पैसे साठवून त्यांनी विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागवली. ७ जून १९१८ च्या रात्री गरुड तारकासमूहात एक झगझगीत नवा तारा त्यांना दिसला. विसाव्या शतकातला सर्वांत तेजस्वी नवतारा तो हाच. दोन दिवसांत तो व्याध आणि अगस्ती यांच्या खालोखाल तळपू लागला. जगभर अनेकांनी तो स्वतंत्रपणे पाहिला, त्यांत चंद्र होते. त्यांनी आपल्या नोंदी अमेरिकेला, हार्वर्ड वेधशाळेला कळवल्या आणि रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची जी अमेरिकन संघटना १९११ मध्ये स्थापन झाली होती, आव्हसो या नावाने ओळखली जाणारी, तिचे ते सभासद झाले. पुढे या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण बोटीने पाठवून दिली. त्यांनी या संघटनेला ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे पाठवली. फाळणीनंतर ते बारासातला आले. त्यांची ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली आणि तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोचली.

सदतीस हजार या आकड्यापाशी जरा थांबायला हवे. त्यांतली बहुतेक निरीक्षणे अशी होती, की ज्यांत काहीच घडले नव्हते.

महाराष्ट्रात आकाश पाहणाऱ्यांची परंपरा जुनी आणि दांडगी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची. मुंबईत नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. हॅलेचा धूमकेतू आला त्या १९८५-८६ च्या सुमारास शीवच्या साधना विद्यालयात खगोल मंडळ उभे राहिले, कल्याणला आकाशमित्र मंडळ काम करू लागले. वांगणीच्या माळरानावर रात्रभर चालणाऱ्या आकाशदर्शनाने मुंबईकरांच्या दोन पिढ्यांना नक्षत्रे शिकवली. मीरा रोड-भाईंदरच्या माणसाला वांगणी गाठायची म्हणजे विरारकडून येणारी गाडी पकडून दादर, पूल चढून मध्य रेल्वे, मग कर्जत लोकल. पाठीवर सतरंजी, डब्यात पोळी-भाजी, टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद. रात्री अडीच-तीनला वृश्चिकाची नांगी वर येते तेव्हा झोप उडालेली असते आणि थंडी मनगटांत शिरलेली असते. हा अनुभव घेतलेली माणसे पश्चिम उपनगरांत आज शेकड्यांनी सापडतील.

पण आकाशदर्शन आणि निरीक्षण या दोन गोष्टी आहेत. आकाशदर्शनात आपण आकाशाकडून घेतो. निरीक्षणात आकाशाला वेळ द्यावा लागतो आणि कागदावर आकडा लिहावा लागतो. या दुसऱ्या गोष्टीत आपण मागे राहिलो हे मान्य करायला हवे. लिहून ठेवण्याबद्दलचा आपला आळस तर जुनाच. वृषभ राशीत १०५४ साली फुटलेला अतिनवतारा चिनी दरबाराने दिवसानिशी नोंदवला. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत त्याचा माग काढण्याचा प्रयत्न जयंत नारळीकर आणि संस्कृत पंडिता सरोजा भाटे यांनी केला, २००१ मध्ये त्यावर निबंध लिहिला, पण निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही. तो तारा तेव्हा भर दिवसा दिसत होता. इथल्या कुणी तो पाहिलाच नसेल असे मानणे कठीण आहे.

मराठी मुलखातल्या निरीक्षकाचा मोठा वैरी म्हणजे पाऊस, आणि नवताऱ्यांनी जणू आपल्या पावसाळ्याशी संधान बांधले आहे. हंस तारकासमूहातला १९७५ चा नवतारा, जो दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचला आणि आठवड्याभरात मावळला, तो ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत आला. धनिष्ठेतला, जपानच्या कोइची इतागाकींनी शोधलेला, १४ ऑगस्ट २०१३ चा. भुजंगधारीतला आवर्ती नवतारा आरएस ओफिउकाय ८ ऑगस्ट २०२१ रोजी फुटला, कोकणात धारा लागलेल्या असताना. २०२५ मध्ये तर मुंबईत पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला आणि जूनच्या दोन पंधरवड्यांत उघड्या डोळ्यांना दिसू शकतील असे दोन नवतारे दक्षिण आकाशात पाठोपाठ उगवले. त्यांतला दुसरा ऑस्ट्रेलियाच्या जॉन सीच या हौशी निरीक्षकाने साध्या कॅमेऱ्याच्या भिंगातून टिपला. दोन्ही नवतारे मीरा-भाईंदरच्या क्षितिजावर येत होते. मधे ढग होते.

तरी कधी कधी दान आपल्या बाजूने पडते. १५ मार्च २०१५ रोजी याच जॉन सीच यांना धनू राशीत सहाव्या प्रतीचा नवतारा सापडला. सहा दिवसांनी, गुढीपाडव्याच्या सुमारास, तो चौथ्या प्रतीच्या जवळ पोचला. पहाटे साडेपाचला दक्षिण-आग्नेयेकडे, पस्तीस अंशांच्या आसपास, कोरड्या स्वच्छ आकाशात. हा नवतारा नेमाने मंदावला नाही. तेज उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले, आणि मग काही आठवड्यांनी तो एकाएकी खोल बुडाला. उसळून बाहेर पडलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली होती आणि त्या धुळीने ताऱ्याचाच चेहरा झाकला. अबूच्या पहाडावरील अवरक्त वेधशाळेत अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी आधी कार्बन मोनॉक्साइड आणि मग धूळ तयार होताना मोजली. नवताऱ्यात धूळ कशी जमते यावर त्यांचा हा अभ्यास आज महत्त्वाचा मानला जातो. पण अबूची दुर्बीण त्या ताऱ्याकडे वळली ती एका हौशी माणसाच्या कॅमेऱ्याने आधी खबर दिली म्हणून.

असेच खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे. नारायणगावजवळ, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना द्राक्षमळ्यांमधून आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. १२ फेब्रुवारी २००६ रोजी जपानमधल्या निरीक्षकांना आरएस ओफिउकाय फुटलेला दिसला. खबर फिरली, आणि निमिषा कांथारिया, जी. सी. अनुपमा, टी. पी. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या अँटेना तिकडे वळवल्या. या ताऱ्याचा १.४ गिगाहर्ट्झच्या खालचा रेडिओ प्रकाश तोवर कुणाला मिळाला नव्हता, तो तिथे मिळाला. स्फोटाचा धक्का तांबड्या जोडीदाराने सोडलेल्या वायूत घुसतो तेव्हा काय होते, ते त्यातून वाचता आले. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची लडाखमधल्या हानले येथील सत्तर सेंटीमीटरची स्वयंचलित दुर्बीण आता शेजारच्या देवयानी दीर्घिकेतल्या नवताऱ्यांचाही पाठलाग करते. यंत्रे भरपूर आहेत. तरीही रात्रीच्या पहिल्या तासात, कुणालाच अजून काही ठाऊक नसते तेव्हा, मोकळ्या डोळ्याने साऱ्या आकाशावर नजर फिरवणारा माणूस लागतोच.

आणि तो माणूस कुठल्या रेखांशावर उभा आहे, याला फार महत्त्व आहे. नवतारा टिपण्यात जपान पहिला. युजी नाकामुरा यांनी १८ मार्च २०२१ रोजी शर्मिष्ठेत जो नवतारा शोधला तो १३५ मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या पंधरा-पंधरा सेकंदांच्या चार छायाचित्रांत होता. युरोपातही निरीक्षकांची फौज आहे. एखादा तारा जपानच्या माथ्यावरून सरकला, की सुमारे सव्वाचार तासांनी आपल्या माथ्यावर येतो आणि आणखी सव्वाचार तासांनी पश्चिम युरोपच्या. जो तारा फक्त सांजेला किंवा फक्त पहाटे दिसतो, त्याच्याकडे जपानने डोळे मिटल्यापासून युरोपने उघडेपर्यंत साडेआठ तासांची पोकळी राहते. टी कोरोना काही तासांतच उजळून निघतो आणि आठवड्याभरात उघड्या डोळ्यांआड जातो. त्याच्या बाबतीत साडेआठ तास म्हणजे अर्धी गोष्ट. त्या पोकळीच्या मधोमध आपला ७३ अंशांचा रेखांश आहे.

शहरातून हे जमते का, हा प्रश्न रास्त आहे. मीरा रोडच्या गच्चीवरून बऱ्या रात्री तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, फार तर थोडे पुढचे. दक्षिणेला दहिसर-बोरिवलीचा उजेड, उत्तरेला खाडीपलीकडे नायगाव-वसईचा. पण प्रकाशाचा हा चिखल क्षितिजाला दाट असतो आणि माथ्यावर सर्वांत पातळ. इथेच मीरा-भाईंदरला एक देणगी मिळाली आहे. शहराचा अक्षांश १९.३ अंश, टी कोरोनाची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, २५.९ अंश. म्हणजे तो माथ्याच्या अवघ्या साडेसहा अंश उत्तरेकडून जातो. मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री साडेबाराच्या पुढे मागे, एप्रिलच्या मध्यात पहाटे तीनला, तो जवळजवळ थेट डोक्यावर असतो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, म्हणजे रस्त्यावरचे दिवे डोळ्यांत येणार नाहीत अशा जागी, सतरंजीवर पाठ टेकायची. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून आधी मागून घ्यायची. बाकी सामान म्हणजे १० बाय ५० ची द्विनेत्री, वही, पेन्सिल आणि नकाशा.

हा नकाशा आव्हसो कुणालाही फुकट देते आणि तो वाचायला पाच मिनिटे शिकावे लागते. त्यावर प्रत्येक तुलनेच्या ताऱ्याशेजारी त्याची प्रत लिहिलेली असते, पण दशांशचिन्ह काढून टाकून. ४१ म्हणजे ४.१. कारण साधे आहे. नकाशावर टिंब म्हणजे तारा, दशांशाचे टिंब कुणी तारा समजू नये. मुकुटातला अल्फेका २.२ प्रतीचा, गॅमा ३.८ चा, शेजारचा एप्सिलॉन ४.१ चा, डेल्टा ४.६ चा. समजा नवा तारा दिसला आणि तो अल्फेकाहून मंद, गॅमाहून तेजस्वी वाटला, दोघांच्या बरोबर मध्यावर. तर त्याची प्रत ३.०. झाले निरीक्षण. तांबूस ताऱ्याकडे टक लावून पाहायचे नाही, कारण टक लावली की डोळा त्याला वाढवून दाखवतो. झरकन एक नजर, मग शेजाऱ्यावर एक नजर. सरावलेला निरीक्षक डोळ्याने प्रतीचा दहावा-पाचवा भाग ओळखतो. ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याचे काम शहरातही अधिक चोख होते, कारण आकाशाचा उजेड चित्रातून मोजून वजा करता येतो.

वेळ लिहायची ती ज्युलियन दिनांकात. हा दिवस ग्रिनिचच्या मध्यान्हीला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. युरोपातल्या निरीक्षकाचा दिवस ऐन दुपारी पालटतो. भाईंदरच्या निरीक्षकाचा पालटतो तो दिवेलागणीच्या तोंडावर. त्याची सबंध रात्र, सांजेपासून पहाटेपर्यंत, एकाच आकड्याखाली येते.

आणि नवा तारा दिसला नाही तर? तेव्हाही लिहायचे. शहरातून द्विनेत्रीला आठव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत असतील, तर आकड्याआधी 'याहून मंद' असे खुणेचे चिन्ह घालून ८.० लिहायचे. याचा अर्थ, अमुक मिनिटाला मी पाहिले आणि तारा आठव्या प्रतीपेक्षा तेजस्वी नव्हता. स्फोट नेमका केव्हा सुरू झाला हे ठरवताना शास्त्रज्ञ आधी हीच नोंद शोधतात. स्फोटाआधीची शेवटची 'नाही' कुठली आणि पहिली 'आहे' कुठली. या दोहोंमधले अंतर जितके कमी, तितके स्फोटाचे गणित पक्के.

या एका 'नाही'ची किंमत लेस्ली पेल्टियरइतकी कुणी मोजली नसेल. ओहायोतला हा शेतकऱ्याचा मुलगा. नऊशे मापे स्ट्रॉबेरी तोडून मिळालेल्या अठरा डॉलरांत त्याने पहिली दोन इंची दुर्बीण घेतली आणि आयुष्यभरात सव्वा लाखावर निरीक्षणे केली. टी कोरोनावर त्याची १९२० पासून नजर होती. पंचवीस वर्षे तो ठिपका जागचा हलला नाही. फेब्रुवारी १९४६ च्या त्या रात्री त्याने अडीचचा गजर लावला होता. उठला, खिडकीबाहेर पाहिले, आकाश लख्ख होते. पण घसा दुखत होता, सर्दी होईलसे वाटले, म्हणून तो पुन्हा अंथरुणात शिरला. त्याच रात्री तारा फुटला. पुढे 'स्टारलाइट नाइट्स' या आत्मकथनात त्याने हे सगळे स्वतःच सांगितले आहे.

पेल्टियरला पंचवीस वर्षे लागली आणि एक रात्र चुकली. आपल्याकडे पावसाचे चार महिने दरवर्षी चुकतातच. म्हणून उरलेल्या आठ महिन्यांच्या रात्री मोलाच्या आहेत, आणि एका माणसाने रोज पाहण्यापेक्षा एका वस्तीतल्या दहा जणांनी आळीपाळीने पाहणे अधिक शक्य आहे. आठवड्याचा एक वार एकाने घ्यावा. शाळेतल्या मुलांनी घ्यावा, निवृत्त माणसांनी घ्यावा, रात्रपाळीहून परतणाऱ्यांनी घ्यावा. उत्तन-चौकच्या कोळीवाड्यांत पहाटे होड्या लोटणारी माणसे तर आकाशाखालीच असतात. त्यांना मुकुटाचे सात तारे एकदा दाखवून ठेवले, तर आठवा सर्वांआधी त्यांनाच दिसेल.

लक्ष्मीपूजनाची आतषबाजी सुरू होण्याआधी, सात ते आठ या वेळात, उत्तर मुकुट पश्चिम-वायव्येला तीस ते अठरा अंशांवर असतो. नोव्हेंबरअखेर तो सूर्यप्रकाशात शिरतो आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पहाटे पावणेसहाच्या सुमारास पूर्व-ईशान्येला, घोडबंदरच्या डोंगरांच्या बाजूला, पुन्हा दिसू लागतो. तारे मोजावेत. सात असतील तर वहीत तारीख, वेळ आणि 'नाही' लिहावे. आठ असतील तर आधी वेळ लिहावी आणि मग शेजाऱ्यांना हाक मारावी.